सात कागद आणि साहेबाचे ओटे

विजयदुर्ग
शिमगा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय बंड्या,

मुलीच्या निबंधाचे फोटो मिळाले. पालखी घरी यायची होती, त्या गडबडीत चार दिवस उघडलेच नाहीत, रागावू नकोस. काल रात्री दोनदा वाचले. तिचं अक्षर तुझ्यावर गेलेलं नाही, ही पहिली चांगली गोष्ट.

आता खरं सांगतो. निबंध स्वच्छ आहे, पण प्रश्नाबरोबर दिलेले सात जुने कागद, म्हणजे पत्रं, तक्रारी असले ऐतिहासिक दस्तऐवज, तिने हजेरीसारखे उभे केलेत. पहिला कागद असं म्हणतो, दुसरा तसं म्हणतो, सातवा हजर, संपलं. अरे, कागद तपासणाऱ्याच्याही पुढ्यात आहेत, ते त्याला वाचता येतात. तिचं स्वतःचं म्हणणं काय, ते त्याला हवंय. तुमच्या अमेरिकेतल्या शाळांच्या त्या एपी इतिहास परीक्षेची गुणांची वाटणी बघितली. निबंधाला ६० मिनिटं, त्यातली १५ वाचायला. सात कागद, सात गुण, आणि एकूण निकालात २५ टक्के वजन. दाव्याचा एक गुण, पार्श्वभूमीचा एक, पुराव्याचे तीन, विश्लेषणाचे दोन. म्हणजे कागदांचा नुसता सारांश लिहून फारतर एखादा गुण पदरात पडतो. त्या तिनांतले कागदांचे दोन्ही गुण हवे असतील तर निदान चार कागद तिच्या दाव्यासाठी राबले पाहिजेत.

दावा म्हणजे काय, ते तिला आपल्या घरच्या उदाहरणाने सांग. समज, प्रश्न आला की मराठ्यांचं आरमार सांभाळणारे आंग्रे चाचे होते की दर्यावरची सत्ता? ‘इंग्रज आंग्र्यांना चाचे म्हणत’ हा दावा नव्हे, ती बातमी झाली. दावा असा: समुद्रावर परवाना कोणी द्यायचा, याच भांडणात ‘चाचा’ ही शिवी जन्मली. पोर्तुगीज कार्ताझ, म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना, विकत आणि तो नसलेलं जहाज पकडत, तेव्हा तो कायदा. कान्होजी आंग्र्यांनी तसंच दस्तक, म्हणजे आपला परवाना, मागितलं, तर ती लूट. आता याच्या अवतीभवती कागद लाव. मुंबईच्या इंग्रज व्यापाऱ्याची तक्रार असेल, तर त्याचं जहाज अडकलंय, तो दुसरं काय म्हणणार? ‘सरखेल’, म्हणजे आरमारप्रमुख, असा शिक्का असलेलं कान्होजींचं पत्र असेल, तर तो माणूस स्वतःला दरोडेखोर समजत नाही, हे शिक्काच सांगतो. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र असेल, तर टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे साधे सावकार नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, हा इशारा त्यात आहे. हे तिन्ही कागद एकमेकांशी भांडले पाहिजेत, आणि पंच तुझी मुलगी.

पण सगळ्यात मोलाचा कागद आपल्या म्हणण्याच्या आड येणारा. १७५६ साली आपल्या याच विजयदुर्ग किल्ल्यावर इंग्रज आरमार चालून आलं, तेव्हा कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. मग ‘इंग्रज विरुद्ध मराठे’ ही सरळ रेघ कुठे राहिली? पोरं असला कागद गादीखाली सारतात. तिने तो उलट पुढे आणावा आणि वाक्यात ‘जरी’ घालावं. विश्लेषणाचा दुसरा गुण अशा जागी मिळतो. (तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला, आरमार जळलं, आणि इंग्रजांनी बाणकोट मिळवलं. अजून वाचताना पोटात कालवतं, पण ते निबंधात लिहू नये.)

कागद कोणी लिहिला, कोणासाठी, का, यासाठी तिच्या मास्तरांनी कुठलीशी इंग्रजी आद्याक्षरं पाठ करून घेतलीत म्हणे. आमची आजी आळीतली गजाल ऐकली की तेच विचारायची: “कोणी सांगल्यान? कोणाक सांगल्यान? आणि तेका काय गावतला?” दोन कागदांना हे तीन प्रश्न विचारले आणि उत्तर दाव्याला जोडलं की झालं. नुसतं ‘लेखक इंग्रज असल्याने पक्षपाती आहे’ हे वाक्य मात्र तिने कायमचं विसरावं. पक्षपाती कोण नसतो? तो कुठल्या बाजूला कलतोय आणि त्यामुळे काय लपवतोय, ते लिहायला हवं.

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे आठवतात ना? १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने त्या ओट्यांवर दुर्बीण लावून इथूनच हेलियम शोधला, असं मी किती सहलींना छाती फुगवून सांगितलं असेल! मग एकदा तारखांकडे नीट बघितलं. ते ग्रहण १८ ऑगस्टचं. ऑगस्टात विजयदुर्गावर सूर्य दिसायची मारामार, छत्री उलटी होते, आणि साहेब इथे दुर्बीण लावून बसणार? लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. तो इथे आला १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला, आणि तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून जवळजवळ तीन वर्षं झाली होती. बघ, मला आपल्या पावसाने शंका घ्यायला लावली. कागदाबाहेरचा पुरावा म्हणतात तो हाच, आणि पुराव्याच्या तीन गुणांतला उरलेला एक त्याचा आहे. कागदात नसलेली पण तिला पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट तिने आणायची आणि दाव्याला बांधायची. नुसती टाकून पळायचं नाही.

वाचायच्या १५ मिनिटांत तिने प्रत्येक कागदाच्या कडेला एकच शब्द लिहावा: बाजूने, विरुद्ध किंवा तिरका. मग परिच्छेद कागदांचे न पाडता मुद्द्यांचे पाडावेत. परीक्षा मे महिन्यात ना? तोवर दर रविवारी घड्याळ लावून एक निबंध लिहून मला पाठवू दे. लाल शाई आहे माझ्याकडे, पोरांना माहीत आहे.

यंदा मोहर बरा होता, मधे थ्रिप्स किडीने खाल्ला. पहिली तोड गुढीपाडव्याच्या आसपास निघेल. तुला पेटी पाठवता येत नाही याचं वाईट वाटतं, पण तुझ्या वाटणीचे आंबे मी खातो, काळजी नको. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दाद्या

ता. क. हल्ली सहलींना १८९८ सांगतो. मुलं जांभया देतात, आणि दरवाज्याजवळचा सरबतवाला म्हणतो, “गुरुजी, आधीची गोष्टच बरी होती, गिऱ्हाईक थांबायचा.”