लहनासिंहाचा निरोप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची 'उसने कहा था' (१९१५) ही हिंदी कथा मराठीत अभिवाचनाला घेणाऱ्यांसाठी हे पत्र. निरपेक्ष प्रेमाची कथा म्हणून तिची ओळख करून दिली जाते आणि मग काटछाटही तिच्या नायकाला, पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या लहनासिंहाला, देव्हाऱ्यात बसवण्याच्या बेताने होते.

कथेचे भाग पाच. वेळ कमी असेल तर खंदकातल्या गप्पा आटोपत्या घ्याव्यात, फार बिघडत नाही. पहिल्या भागाचा शेवट मात्र राखावा. लहनाला आवडलेली मुलगी 'कुडमाई झाली' म्हणते आणि १२ वर्षांचा लहना घरी जाताना एका पोराला गटारात ढकलतो, कुत्र्याला दगड मारतो. हे प्रेम सोवळं नाही, हे तिथंच कळतं. ('कुडमाई'चा 'साखरपुडा' करू नये. २५ वर्षांनी तोच शब्द परत येतो, तो कानाला ओळखीचा लागायला हवा.)

घोड्याचा प्रसंग कालक्रमासाठी सुरुवातीला नेला, की कथाच मोडते. लहनाने लहानपणी त्या मुलीला उधळलेल्या घोड्यापासून वाचवलं, हे गुलेरी पहिल्या भागात सांगतच नाहीत. ते आपण शेवटच्या भागात सुभेदारणीच्या, म्हणजे मोठेपणीच्या त्याच मुलीच्या, तोंडून ऐकतो, तेही मागण्यासोबत: तसंच आता या दोघांना वाचव. मुलगा बोधा याच्यानंतरची चारही मुलं गेलेली, नवरा आणि बोधा दोघेही लढाईवर निघालेले. तिला स्वार्थी म्हणायला जीभ रेटत नाही. पण पदर पसरला तो नेमका नाही म्हणू न शकणाऱ्यापुढे. प्रसंग आधीच सांगून टाकला तर हा पेच उरत नाही, नुसता शूर मुलगा उरतो.

लहनाही सरळ नाही. बरगडीतली गोळी तो ओल्या मातीने बुजवतो, वर साफा आवळतो, आणि सुभेदाराला बोधाची शपथ घालून जखमींच्या गाडीत चढवतो. निरोप देतो: तिने सांगितलं होतं ते मी केलं. नवऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही, तिला लागणार. म्हणजे फेडता न येणारं ऋण तो तिच्याच नवऱ्याहाती घरी धाडतो. हे वाक्य हुंदका न देता, सपाट वाचावं. शेवटची मृतांच्या यादीतली नोंदही तशीच, मागे सारंगी नको.

आपले,
काही अभिवाचक