टेबल, दोन खुर्च्या आणि एक राजा

मेलबर्न,
रविवार, ८ जून २०२५

प्रिय दिग्या,

परवा फोन ठेवता ठेवता तू जे बोललास ते अजून डोक्यात घोळतंय. "लेका, राजा असला काय आणि नसला काय, तुझा पगार थांबतोय का?" मी हसून विषय बदलला, कारण मागून वहिनी जेवायला हाका मारत होत्या आणि तुझं अर्धं लक्ष ताटाकडे होतं. ब्रिटनचा राजा तोच ऑस्ट्रेलियाचाही राजा, तो नको, इथं प्रजासत्ताक हवं, असं म्हणत मी का फिरतो ते आज निवांत लिहितो. उद्या सुट्टी आहे. कसली, तर राजाच्या वाढदिवसाची!

गंमत ऐक. राजा चार्ल्सचा जन्म १४ नोव्हेंबरचा. पण आमच्या व्हिक्टोरियात त्याचा वाढदिवस जूनच्या दुसऱ्या सोमवारी, क्वीन्सलँडात ऑक्टोबरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात सप्टेंबरच्या अखेरीस. शिवजयंती तारखेनं की तिथीनं यावरून आपण केवढी डोकी फोडली! इथं कुणी हूं की चूं करत नाही. उद्या एमसीजीवर कॉलिंगवुड आणि मेलबर्न या संघांची "फुटी"ची, म्हणजे इथल्या फुटबॉलची मॅच असते. मॅचआधी नामवंत मंडळी घसरगुंडीवरून बर्फाच्या पाण्यात पडतात आणि मोटर न्यूरॉनच्या आजारासाठी पैसे गोळा होतात. अख्खं शहर तिकडे. ज्याच्या नावानं सुट्टी, त्याची आठवण दिवसभरात एकालाही येत नाही. आमचं भांडण राजाशी कमी आणि या विसरण्याशी जास्त आहे.

तर आमचं हे "आंदोलन" म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुझ्या डोळ्यांपुढे मोर्चा, झेंडे आणि भोंग्याची रिक्षा येईल. तसलं काही नाही. महिन्यातून दोन शनिवारी, पश्चिमेकडच्या एका उपनगरात, स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर एक घडीचं टेबल, दोन खुर्च्या, बिल्ल्यांचा डबा, पत्रकांचा गठ्ठा आणि नावं लिहायला क्लिपबोर्ड. एवढ्यासाठी आधी नगरपालिकेची परवानगी काढायची. टेबल केवढं, दुकानाच्या दारापासून किती लांब, बाबागाडीला वाट किती सोडायची, सगळं कागदावर. मिरजेत रात्री दोन वाजता खळीची बादली घेऊन आपण ज्या भिंती चिकटवत सुटायचो, त्यातली एक तरी भिंत आपण विचारून घेतली होती का रे?

टेबल लावलं नाही त्या शनिवारी पत्रपेट्या. एका फेरीत तीनेकशे घरं होतात. ज्या पेटीवर "जाहिराती नकोत" अशी पाटी असेल ती सोडून पुढे जायचं. राजकीय पत्रक जाहिरातीत मोडत नाही असं आमच्यातले काही जण म्हणतात, पण घरमालकाला चिडवून त्याचं मत थोडंच मिळणार आहे.

माझ्याबरोबर टेबलावर असतात ते आमचे काका. काका म्हणजे मी मनातल्या मनात. तोंडावर त्यांना नावानंच हाक मारतो, इथली रीत तशी. वय ६९, आयुष्यभर ट्राम चालवली. ताडमाड उंच, गुडघे कामातून गेलेले, थर्मासात कडक काळा चहा. त्यांचा एक खेळ आहे. टेबलाजवळून जाणाऱ्याला थांबवून विचारतात, "आपल्या गव्हर्नर-जनरलचं नाव सांगा, एक बिल्ला फुकट." बिल्ले फारसे खपत नाहीत. राजाच्या वतीनं या देशाचा कारभार जी व्यक्ती बघते, कायद्यावर सही करते, तिचं नाव सॅम मॉस्टिन हे दहातल्या आठांना सांगता येत नाही. काल एकानं क्रिकेटपटूचं नाव सांगितलं. काकांनी त्याला धीटपणाबद्दल बिल्ला दिला.

काकांची एक गोष्ट मला पहिलं वर्षभर ठाऊकच नव्हती. १९९९ च्या सार्वमतात या माणसानं प्रजासत्ताकाच्या विरोधात मत दिलं होतं.

हे नीट समजून घे, कारण सगळी मेख इथंच आहे. ६ नोव्हेंबर १९९९ ला लोकांना विचारलं होतं की राणी आणि गव्हर्नर-जनरल यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष असावा का, आणि तो संसदेनं दोन-तृतीयांश मतांनी नेमावा का. प्रश्न एकच, पण पोटात दोन. राजेशाहीवाले "नाही" म्हणणार हे उघड होतं. पण "राष्ट्राध्यक्ष हवा, मात्र आम्ही थेट निवडून दिलेला हवा, पुढाऱ्यांनी आपसात वाटून घेतलेला नको" असं म्हणणारेही त्यांच्याच रांगेत जाऊन उभे राहिले. मेलबर्नचेच फुटबॉलपटू आणि माजी खासदार फिल क्लिअरी त्यांतले एक. काकाही त्यातच. निकाल, हो ४५.१३ टक्के, नाही ५४.८७. एकाही राज्यात बहुमत नाही. व्हिक्टोरियात ४९.८४, म्हणजे अगदी दाराशी येऊन परत. होकार मिळाला तो फक्त राजधानीच्या प्रदेशात.

"आत्ता हे पाडू, दोन-चार वर्षांत चांगला आराखडा येईल असं वाटलं होतं," काका म्हणाले. त्याला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. मी विचारलं, पश्चात्ताप होतो का? तर म्हणे, "नाही." मग थर्मासाचं झाकण बराच वेळ घट्ट करत बसले.

यावरून आमची दर शनिवारी जुंपते. मी संसदेनं निवडावा या पक्षाचा. मी म्हणतो, आमच्याकडे राष्ट्रपती खासदार-आमदार मिळून निवडतात, कुणाचं काही अडत नाही. सगळ्या देशाची मतं घेऊन निवडून आलेला माणूस नुसता फिती कापत बसेल का? उद्या पंतप्रधानाला म्हणेल, माझ्यामागे तुझ्यापेक्षा जास्त मतं आहेत. काका म्हणतात, पुढाऱ्यांनी नेमलेला माणूस पुढाऱ्यांचाच. २०२२ साली इथल्या प्रजासत्ताक चळवळीनं मधला तोडगा काढला. राज्यांच्या आणि प्रदेशांच्या विधिमंडळांनी एकेक नाव सुचवायचं, संघ संसदेनं तीनपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त अकरा उमेदवार, आणि त्यांतून जनतेनं एक निवडायचा. माझ्या मते ही दोन्ही बाजूंना थोडं थोडं नाराज करणारी खिचडी आहे. तरी पत्रक मी तेच वाटतो.

काकांच्या रागाचं मूळ मात्र १९९९ मध्ये नाही, १९७५ मध्ये आहे. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे. विरोधकांनी सिनेटमध्ये अर्थसंकल्प अडवून धरलेला, आणि ११ नोव्हेंबरला गव्हर्नर-जनरल जॉन केर यांनी निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ करून विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना पंतप्रधान केलं. पुढे महिन्याभरात निवडणूक झाली, ती फ्रेझरनी दणदणीत जिंकली. राजेशाहीवाले त्यावरच बोट ठेवतात, की बघा, शेवटी लोकांनीच ठरवलं. केर आणि राजवाडा यांच्यातला पत्रव्यवहार कित्येक वर्षं "खासगी" म्हणून कुलपात होता. जेनी हॉकिंग या इतिहासकार बाईंनी तो उच्च न्यायालयापर्यंत लढून सोडवला, आणि २०२० मध्ये दोनशेच्या वर पत्रं खुली झाली. राणीला आगाऊ न कळवताच आपण पाऊल उचललं, असं केरनी त्यांत लिहिलेलं आहे. काका हे सांगताना अजूनही टेबलावर मूठ आपटतात. मी मनात म्हणतो, काका, राज्यपाल काय काय करू शकतात हे महाराष्ट्राच्या माणसाला नका शिकवू, आम्ही पहाटेचा शपथविधी पाहिलेला आहे. आणि मग गप्प बसतो, कारण तो किस्सा सांगितला तर माझाच मुद्दा ढिला पडतो. आपल्याकडे राजा नाही, तरी राजभवनाचे दिवे भलत्या वेळी लागलेच की.

लोक काय काय विचारतात ते सांगतो. सगळ्यात लाडका प्रश्न, "मग कॉमनवेल्थ गेम्सचं काय?" त्यांना वाटतं राजा सोडला की खेळही सुटणार. इथं माझी कातडी कामाला येते. मी सांगतो, भारत १९५० पासून प्रजासत्ताक आहे आणि २०१० चे खेळ दिल्लीतच झाले. भारताला राजा न मानता राष्ट्रकुलात राहता यावं म्हणून १९४९ मध्ये लंडनला खास जाहीरनामा काढून वाट करून दिली होती. आणि बाईसाहेब, २०२६ चे खेळ आपल्याच व्हिक्टोरिया सरकारनं खर्च परवडत नाही म्हणून सोडून दिले, त्यात राजाचा काय दोष? यावर बहुतेक जण हसतात. हसला की माणूस दोन मिनिटं थांबतो.

ही उत्तरं तयार करताना मला एक गोष्ट नव्यानं जाणवली. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत, स्वतंत्र भारताचा राजाही सहावा जॉर्जच होता. राजाजी गव्हर्नर-जनरल होते, ते या राजाचेच. शाळेत हे आपण तारखा म्हणून पाठ केलं आणि पेपर लिहून मोकळे झालो. एवढी वर्षं घोषणा देत फिरलो, पण अडीच वर्षं आपणही आजच्या ऑस्ट्रेलियासारखेच होतो हे कधी मनात आलं नव्हतं.

आपल्या माणसांची तऱ्हा वेगळी. काल एक नागपूरकडच्या मावशी थांबल्या, मराठी ऐकून खूश. "राणी होती तोवर ठीक होतं हो, पण यानं त्या डायनाचं काय केलं!" मी क्लिपबोर्ड पुढे केला. म्हणाल्या, "सही नको, नवऱ्याचं नागरिकत्व व्हायचंय अजून." उलट लीड्सहून आलेली एक गोरी आजी तडक सही करून गेली, "मी राजाला तिकडेच ठेवून आले होते" म्हणत. तिला मी हेदर हिल यांचा खटला सांगितला. सिनेटवर निवडून आलेल्या या बाईंकडे ब्रिटिश नागरिकत्वही होतं म्हणून १९९९ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांची निवड रद्द केली, कारण राज्यघटनेच्या दृष्टीनं ब्रिटन ही परकी सत्ता ठरते. परक्या सत्तेचं नागरिकत्व असलेला माणूस इथं खासदार होऊ शकत नाही, राजा मात्र तिथंच राहून चालतो. आजी इतकी हसली की तिला काकांची खुर्ची द्यावी लागली.

सगळंच हसण्यावारी जात नाही. मार्चमध्ये एकानं पत्रक चुरगाळून टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "आलास तिकडे परत जा, मग तिथलं बदल." काका उठायला लागले, मीच त्यांचा कोट धरला. आणि त्याच दिवशी, तासाभरानं असेल, एक ॲबोरिजिनल बाई आल्या. पत्रक सावकाश, मागून-पुढून वाचलं. मी ठरलेलं बोलू लागलो तर हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, "२०२३ च्या ऑक्टोबरात मी मतदान केंद्राबाहेर दिवसभर उभी होते. आता तुम्ही उभे राहा." पत्रक घडी करून परत टेबलावर ठेवलं आणि गेल्या.

ते सार्वमत म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना संसदेपुढे आपला आवाज मांडणारं एक मंडळ राज्यघटनेत द्यायचं की नाही, याबद्दलचं. ६० टक्क्यांनी नाही म्हटलं, सहाही राज्यांनी. "माहीत नसेल तर नाही म्हणा", एवढ्या एका ओळीवर विरोधी प्रचार चालला. इथं मतदान सक्तीचं आहे, न जाणाऱ्याला दंड. त्यामुळे आपल्यासारखं माणूस घराबाहेर काढायचं काम नाही, तो येतोच. पण ज्याला काही माहीत नाही तोही येतो. त्यात राज्यघटना बदलायला देशभर बहुमत हवं आणि सहापैकी चार राज्यांतही हवं. १९०१ पासून ४५ प्रश्न विचारले गेले, होकार मिळाला आठांना, शेवटचा १९७७ मध्ये. २०२३ नंतर सरकारनं प्रजासत्ताकाचा विषय गुंडाळून ठेवला. त्यासाठी २०२२ मध्ये एक सहायक मंत्रिपद काढलं होतं, तेही गेल्या जुलैत बंद केलं.

आणि मग जानेवारीचा पेच. २६ जानेवारी आपला प्रजासत्ताक दिन. इथंही २६ जानेवारीलाच ऑस्ट्रेलिया दिन, कारण १७८८ मध्ये त्या दिवशी इंग्रजांनी सिडनीच्या खाडीत झेंडा रोवला. मूळ रहिवासी त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. आमच्या मंडळात सकाळी तिरंगा, जन गण मन आणि जिलेबी. यंदा मी जिलेबी खाल्ली, पण प्रजासत्ताकाचं टेबल त्या दिवशी लावायचं नाही असं आम्ही दोघांनी न भांडता ठरवलं. आमचं न भांडता ठरलेलं तेवढं एकच.

आता तुझा प्रश्न. मला काय पडलंय?

नागरिकत्वाच्या दिवशी नगरपालिकेच्या हॉलमध्ये आम्ही शंभरेक जण उभे होतो. हातात एक रोप दिलं होतं आणि एक कार्ड. कार्डावरची शपथ ऑस्ट्रेलियाशी आणि तिथल्या जनतेशी निष्ठेची. १९९४ पासून त्यात राणीचं नाव नाही. मी ती मोठ्यानं म्हटली, आवाज थोडा कापला, मानतो. नंतर कळलं की निवडून आलेले खासदार मात्र आजही राजाशी निष्ठेची शपथ घेतात. म्हणजे माझ्यासारख्या उपऱ्याकडून जनतेची, आणि त्या जनतेच्या प्रतिनिधीकडून राजाची! मला ते खटकलं. बस, एवढंच तत्त्वज्ञान. बाकी खरं सांगू? अकरा वर्षं मी इथं ऑफिस, घर आणि गणपती यांत काढली. या शहरातल्या माणसांशी हवापाण्यापलीकडे पहिल्यांदा बोललो तो त्या फुटपाथवर. शिव्याही तिथंच पहिल्यांदा खाल्ल्या. ते टेबल आता माझ्या गॅरेजमध्ये असतं, कारण काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे आणि त्यांना ते उचलवत नाही. त्याचा एक पाय लटलटतो. खाली १९९९ चं एक जुनं पत्रक घडी करून घातलं होतं, "नाही" वाल्यांचं. काकांनीच आणलेलं. मी ते काढून दुसरं काही घालावं म्हणून बघितलं, पण त्याच जाडीचं काही सापडेना.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुझ्या शुगरचं काय झालं ते कळव, टाळू नकोस.

तुझा,
सुऱ्या

ता.क. धाकट्याच्या संग्रहासाठी एका येणाऱ्या माणसाबरोबर एक एक डॉलरची दोन नाणी पाठवतोय. एकावर राणी आहे, एकावर राजा. राणीचं तोंड उजवीकडे, राजाचं डावीकडे, तसा रिवाजच आहे. पोराला म्हणावं दोन्ही शेजारी ठेव आणि सांग, कोण कुणाकडे पाठ करून बसलंय.