रॅम सोल्डर होणार असेल तर ते पण छापा

संपादक साहेब, नमस्कार,

आपल्या पेपरात नवीन प्रोसेसरची बातमी आली की त्यात कोअर (म्हणजे आतले काम करणारे भाग) किती आणि गिगाहर्ट्झ (म्हणजे वेग) किती एवढंच असतं. मी नाशकात डेस्कटॉप असेंबल करून देतो, कस्टमर पण ते कात्रण मोबाईलवर दाखवून तेच विचारतात, म्हणून लिहितोय. गिगाहर्ट्झची शर्यत कधीच मंदावलीये हो. 2004 ला इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 आणायचा बेत रद्द केला, आणि त्यानंतर वीस वर्षांत गाडी जेमतेम 6 च्या पुढे सरकलीये, कारण क्लॉक, म्हणजे हाच वेग, वाढवला की गरमी आवरत नाही.

मला वाटतं पुढची सगळी डिझाईन एकाच गोष्टीवर ठरणार, मेमरी कोअरच्या किती जवळ आणता येते त्यावर. एएमडीने 2022 मध्ये रायझन 7 5800एक्स3डी काढला, त्यात 64 एमबी कॅशचा, म्हणजे कोअरच्या हाताशी असणाऱ्या वेगवान मेमरीचा, वेगळा तुकडा मेन चिपच्या वर बसवला. गेम्स सुसाट पळायला लागल्या, पण वरच्या थरामुळे कोअरची गरमी कूलरपर्यंत नीट पोचेना, म्हणून क्लॉक कमी ठेवावा लागला आणि ओव्हरक्लॉकिंग (क्लॉक आपण स्वतः वाढवणं) पण बंद. मग 2024 च्या 9800एक्स3डी मध्ये त्यांनी तोच तुकडा उचलून खाली घातला, कोअर कूलरच्या बाजूला आले, क्लॉक 5.2 पर्यंत गेला आणि ओव्हरक्लॉकिंगही मोकळं झालं. काय डोकं लावलंय! असे थर पुढे वाढतच जाणार असा माझा अंदाज आहे.

इथपर्यंत मी खूशच आहे. काळजी वाटते ती रॅमची. ॲपलने 2020 ला एम1 मध्ये रॅम चिपच्या पॅकेजमध्येच घेतली. एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्रोसेसरला रॅमकडून सेकंदाला 256 जीबी बँडविड्थ (डेटा ये-जा करायचा वेग) मिळते, आपल्या नेहमीच्या डीडीआर5-6000 रॅमच्या दोन स्टिक्सना 96, म्हणजे घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवणाऱ्याला फरक लगेच जाणवणार. पण ती रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते. फ्रेमवर्क ही कंपनी रिपेअर करता येणाऱ्या लॅपटॉपसाठीच ओळखली जाते, तरी हा प्रोसेसर घालून त्यांनी 2025 मध्ये डेस्कटॉप आणला त्यात रॅम बदलता येत नाही.

माझ्याकडे येणारी पोरं आधी 8 जीबीवर भागवतात आणि नोकरी लागली की दुसरी स्टिक टाकून घेतात. 2017 च्या एएम4 बोर्डवर (एएम4 हे एएमडीच्या सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचं नाव) नुसता बायोस, म्हणजे बोर्डचं सॉफ्टवेअर, अपडेट करून 2022 चा 5800एक्स3डी चालला, बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर बदलला! डेस्कटॉप लोक याच्यासाठी घेतात, आणि सोल्डर केलेल्या मशीनमध्ये पहिल्याच दिवशी 128 जीबीचे पैसे मोजा नाहीतर नंतर सगळाच बोर्ड बदला.

यावर उपाय नाही असं पण नाही. कॅम2 नावाचं आडवं, स्क्रूने बसणारं मॉड्यूल आहे, त्याचं स्टँडर्ड 2023 मध्येच आलंय, त्यात चिपपर्यंतची वाट छोटी होते आणि रॅम बदलताही येते. येत्या काही वर्षांत डेस्कटॉपचे बोर्ड त्याच्यावर गेले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, पण गिऱ्हाईक मागणार नाही तोवर कंपन्या कशाला करतील.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी प्रोसेसरची बातमी छापाल तेव्हा रॅम नंतर वाढवता येते का आणि सॉकेट किती वर्षं चालणार, या दोन ओळी त्यात नक्की टाका.

आपला नियमित वाचक,
नाशिक