मेहनतीला अनुदान आहे, खुराकाचं काय?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

पर्वती पायथ्याच्या एका व्यायामशाळेत मी सोळा वर्षं मुलांकडून व्यायाम करून घेतोय. आमचे बार, प्लेटा, बेंच आपल्या खात्याच्या व्यायामशाळा विकास अनुदानातून आले. त्याबद्दल मनापासून आभार. पण तालमीत मेहनत आणि खुराक हे दोन शब्द एका दमात घेतात, आणि अनुदान फक्त पहिल्याला आहे.

आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा येतो. पहाटे साडेपाचला घर सोडतो, तासभर स्क्वॉट-डेडलिफ्ट मारतो, मग शेकरमध्ये नळाचं पाणी आणि एक स्कूप (मापाचा चमचा) प्रोटीन पावडर खडखडवून उभ्याउभ्या पितो आणि पार्सल पोचवायच्या कामावर पळतो. पहिला घास दुपारी दोनला. पावडरीचा अडीच हजारांचा डबा त्याने उसनवारी करून आणला, कारण कुणीतरी सांगितलं की अर्ध्या तासात शेक पोटात गेला नाही तर व्यायाम वाया. परवा तो शेकरच्या तळाला चिकटलेल्या गुठळ्या बोटाने काढून खात होता. एवढ्या महागाचं टाकायचं कसं, म्हणाला.

साहेब, अर्ध्या तासाची ती घाई खरी नाही. वजनं उचलल्यावर स्नायू पुढचे चोवीस तास तरी प्रथिनं घ्यायला तयार असतात. दिवसभरात एकूण किती गेलं, ते महत्त्वाचं. वजनं मारणाऱ्या साठ किलोच्या मुलाला रोज नव्वदएक ग्रॅम लागतात. स्कूपमध्ये साधारण चोवीस. बाकीचं ताटातूनच यायचं, आणि त्याचं ताटच रिकामं आहे.

तेवढीच चोवीस ग्रॅम चार उकडलेल्या अंड्यांत मिळतात, तीसएक रुपयांत. स्कूप पडतो ऐंशीला. वर आमची मुलं पिवळा बलक कचऱ्यात टाकतात, ते बघून जीव तुटतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 2017 मध्ये हेच तपासलं होतं. व्यायामानंतर काहींना अख्खी अंडी दिली, काहींना नुसता पांढरा भाग, प्रथिनं दोन्हीकडे 18 ग्रॅम. अख्खी अंडी खाणाऱ्यांत स्नायू बांधले जाण्याचा वेग जास्त निघाला. अंडं न खाणाऱ्यांसाठी पावशेर दूध, मूठभर फुटाणे, शेंगदाणे, दही, मटकीची उसळ-भाकरी आहेच. पेठांतल्या तालमींत पहिलवान कुंडीत बदाम-खसखस घोटून थंडाई करतात, तीही दुधातच.

पावडर म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. चीज करताना जे पाणी सुटतं, त्यातूनच ती बनते, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर जरूर घ्यावी. पण राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी अशी पावडर टाळा, असंच सांगितलंय. त्याच वर्षी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या 36 पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा जवळपास 70 टक्क्यांत डब्यावरचा प्रथिनांचा आकडा आणि आतला माल जुळला नाही. उसनवारीचे पैसे कशात जातात, बघा.

म्हणून मागणी करतो. अनुदानातल्या साहित्याच्या यादीत गॅसची शेगडी, मोठं पातेलं आणि फ्रीज घाला. वस्तीतल्या बचत गटाच्या ताया सकाळी सहा ते नऊ अंडी, दूध, उसळ देतील, त्यांनाही चार पैसे मिळतील. मी आमच्या दोघी-तिघींशी बोललोय, त्या तयार आहेत. अडचण जागेची नाही, भांड्यांसाठी पैसे कुठल्या खर्चात दाखवायचे, याची आहे. आणि सरकारी पैशावर उभ्या राहिलेल्या व्यायामशाळेत पावडरीचे डबे विकायला आणि त्यांची पोस्टरं लावायला मनाई करा. एका व्यायामशाळेत प्रशिक्षकाला डब्यामागे कमिशन मिळताना मी स्वतः पाहिलंय. ज्याच्या शब्दावर मुलं वजन उचलतात, त्याचाच शब्द असा विकला जातो.

आपल्या खात्याचं आयुक्तालय इथेच बालेवाडीत आहे. तिथल्या अधिकाऱ्यांना एक सकाळ आमच्याकडे पाठवा, हिशेबाची वही दाखवतो.

त्या मुलाचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे. संपला की दुसरा आणणार नाही, असं कबूल केलंय त्याने. पण त्याची आई रात्रपाळीवरून सातला येते. साडेपाचला घरात गॅस पेटलेला नसतो.

आपला,
एक व्यायाम प्रशिक्षक, पर्वती पायथा, पुणे