ग्लासगोच्या बोळातली पुसट पोरं

संपादक महोदय,

स्कॉटिश फोटोग्राफर थॉमस अ‍ॅननने १८६८ ते १८७१ दरम्यान काढलेले स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या जुन्या बोळांचे फोटो नुसते स्क्रोल करू नका, ११८ हाय स्ट्रीटचा बोळ झूम करून बघा, मधूनच गटार गेलंय, भिंती ओल्या. काही फोटोंत वर वाळत घातलेले कपडे हललेत म्हणून पांढरा धूर दिसतो, पोरंही तशीच पुसट, कारण त्या काचेच्या प्लेटला एक्सपोजर बराच वेळ लागायचा आणि पोरं कसली गप्प उभी राहतात! लोकांना वाटतं गरिबी दाखवायला काढलेत, पण काम दिलं होतं ग्लासगोच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे शहरसुधार मंडळाने, १८६६च्या कायद्याने ह्याच वस्त्या पाडायच्या होत्या ना. म्हणूनच खाली पत्ता आहे, माणसाचं नाव नाही. असे फोटो छापताना ते कुणाच्या सांगण्यावरून काढले तेवढं छापत जा.

– एक वाचक