माऊसला हात न लावणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

मी वाचून रेकॉर्ड करते त्या गोष्टींचा बारावा भाग परवा पुरा झाला. भाचीला पाठवला, तर तिचा फोन आला, "मावशी, आता पाऊस नाही का पडत गं?" मला आधी कळेचना. मग उजेड पडला: पहिल्या चार भागांत माझ्या आवाजामागे जी चरचर होती, तिला ती इतके दिवस पाऊस समजत होती. त्या चरचरीने मला रडकुंडीला आणलं होतं आणि पोरगी मजेत ऐकत होती! तेव्हाच ठरवलं की तुम्हाला सविस्तर लिहायचं. तोंडी "थँक्यू" म्हटलं होतं, पण ते तुम्ही चपला घालत असताना.

तुम्ही आला होतात भावाकडे, तुमच्या कामाला. मी सहज म्हटलं की लिनक्सवर (म्हणजे विंडोजऐवजी माझ्या लॅपटॉपवर असलेल्या मुक्त प्रणालीवर) रेकॉर्डिंग करायचं म्हणजे डोक्याला ताप आहे. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. माझी सवय अशी की कोणी जाणकार आला की मी उठून त्याला जागा देते. तो पाच मिनिटांत काहीतरी टकाटक टाइप करतो, सगळं सुरू होतं, आणि आठवड्याने बिघडलं की मी पुन्हा होते तिथेच. तुम्ही मात्र हात मांडीवरून हलवले नाहीत. "तूच कर, मी बघतो," म्हणालात. खरं सांगू? पहिली दहा मिनिटं मला तुमचा रागच आला होता.

आधी पाइपवायरचा, म्हणजे लिनक्समध्ये आवाजाची ने-आण करणाऱ्या प्रोग्रामचा, बफर (एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा न्यायचा ते माप) पुन्हा 1024वर न्यायला सांगितलात आणि माइकवर नखाने टिचकी मारायला लावलीत. टक. आणि मागोमाग हेडफोनमध्ये दुसरी टक. याच दुसऱ्या टकटकीला कंटाळून मी बफर 64वर आणून ठेवला होता. जितका लहान तितका चांगला, असं ऐकलं होतं म्हणून. तुमचं हंड्याचं उदाहरण अजून लक्षात आहे. पाणी हंड्याने आणलं तर हंडा भरेपर्यंत थांबावं लागतं. तांब्याने आणलं तर थांबायला नको, पण फेऱ्या मारून दम लागतो, आणि एक फेरी जरी चुकली तरी धार तुटते. सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने (बारीक मोजमापं) धरले तर 1024चा हंडा भरायला सुमारे 21 मिलिसेकंद, जाताना एकदा आणि येताना एकदा. 64चा तांब्या दीड मिलिसेकंदाच्या आतच भरतो, पण माझ्या जुन्या लॅपटॉपला तेवढ्या फेऱ्या झेपत नव्हत्या. पाइपवायरचं काम दाखवणाऱ्या पीडब्ल्यू-टॉपमधल्या 'ईआरआर'च्या, म्हणजे चुकलेल्या फेऱ्यांच्या, रकान्यातला आकडा 64वर कसा भराभर चढत होता, तो दाखवलात. तीच माझी चरचर.

मग तुम्ही जे विचारलंत, ते मला कोणीच विचारलं नव्हतं. "तू गोष्ट वाचतेस ना? मग तुला 64 हवंय कशाला?" कॉम्प्युटरमधून इफेक्ट लावून गिटार वाजवणाऱ्याला ते लागतं. माझ्या माइकलाच हेडफोनचं भोक आहे, हे मला वर्षभर दिसलं नव्हतं. तिथे हेडफोन लावला, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट कानात. आर्डरमधलं, म्हणजे माझ्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममधलं, मॉनिटरिंग (माझाच आवाज मला परत ऐकवणं) बंद केलं, दुसरी टक गायब. बफर खुशाल 1024.

तरी अधूनमधून एखादा चर्रकन आवाज यायचाच. "एका वेळी एकच गोष्ट बदल," हे तुम्ही त्या दोन तासांत किती वेळा म्हणालात! वायफाय बंद केलं, फरक नाही, पुन्हा चालू. वीज वाचवण्याची सेटिंग बदलली, फरक नाही, पुन्हा होती तशी. शेवटी माइक आणि बाहेरची हार्ड डिस्क एकाच यूएसबी हबवर (एका भोकाची अनेक भोकं करणाऱ्या डबीवर) आहेत हे माझ्याच ध्यानात आलं. माइक काढून थेट लॅपटॉपला लावला आणि आकडा थांबला. तुम्हाला ते आधीच दिसलं होतं, हो ना? भाऊ म्हणतो, दिसलं होतं.

आर्डरची तयार आवृत्ती त्यांच्या साइटवरून घ्यायची तर पैसे मागतात, म्हणून मी कुरकुरले होते. "मुक्त म्हणजे फुकट नव्हे," म्हणालात. सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे, तो स्वतः बांधून घ्यायला कोणाची ना नाही. पण आर्डर बनवणारे पॉल डेव्हिस आणि मंडळी वर्षानुवर्षं यावर काम करताहेत, त्यांनाही पोट आहे. मी पैसे भरले. बांधून घेण्याचा धीर नव्हता, हेही आहेच.

आणि गेम! जाताना विचारलंत, "खेळतेस काय?" गोळीबाराने मला गरगरतं आणि रात्री जेमतेम वीस मिनिटं मिळतात, एवढं ऐकून तुम्ही दहा नावं न फेकता एकच दिलंत: बॅटल फॉर वेस्नॉथ. माझी चाल होईपर्यंत शत्रू निमूट थांबतो, हे फार आवडलं. पहिल्या लढाईत मात्र दाणादाण उडाली, कारण मी गेममधल्या रात्री ऑर्क नावाच्या राक्षसी शत्रूंवर चाल करून गेले. त्यांचा मारा रात्री 25 टक्क्यांनी वाढतो आणि माझ्या माणसांचा तेवढाच घटतो, हे हरल्यावर समजलं. नंतर तुमच्या सांगण्यावरून गेमचा डेटा फोल्डर उघडला. संगीताच्या फायली तिथे उघड्यावर ठेवलेल्या! एक ट्रॅक आर्डरमध्ये ओढला आणि खर्जातली वाद्यं कधी येतात, कधी गप्प बसतात ते हेडफोन लावून ऐकत बसले. माझ्या गोष्टींतल्या थांब्यांचं गणित मला तिथे उमगलं. शेजारच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एल्फ योद्ध्याची किंमत 14 सुवर्णमुद्रांवरून 1 करून पाहिली. जिंकले, अर्थातच, पण मजा गेली. परत 14 केली.

नंतर फोनवर सुचवलेला झिरो ए. डी. हा न थांबता चालणारा लढाईचा गेम मात्र जमला नाही. मौर्यांचे हत्ती बघून हरखले, पण सगळीकडे एकदम लक्ष द्यायचं म्हणजे माझा जीव जातो, आणि लॅपटॉपचा पंखा तर किंचाळायलाच लागला.

आता तेरावा भाग. या गोष्टीत खराखुरा पाऊस आहे, आणि भाचीची अट आहे की "तोच जुना पाऊस" हवा. म्हणून काल रात्री बफर मुद्दाम 64वर आणला, डिस्क पुन्हा हबला लावली, माइकही तिच्या शेजारी, आणि तीन मिनिटं गप्प बसून नुसती चरचर रेकॉर्ड केली. झकास पडलाय. फाइल सोबत पाठवतेय, ऐकून सांगा.

तुमची,
गोष्टीवाली मावशी