सईला, मापाविषयी

चि. सई,

काल फोनवर तू मध्येच पावसापाण्याच्या गोष्टी सुरू केल्यास, तेव्हाच ओळखलं की शेजारी कोणीतरी येऊन बसलंय. इथे बाबाही समोरच पेपर वाचत होते. शिवाय हे काम बोलून भागणारं नाही, हातात टेप घेऊन करायचं आहे. म्हणून लिहून पाठवते. वाचलंस की उडवून टाकू नकोस, माप घेताना लागेल.

ब्राबद्दलच्या तुझ्या तक्रारी तीन. खांद्यावर वळ उठतात, पाठीमागचा पट्टा मानेकडे सरकत जातो आणि "आई, माझंच शरीर विचित्र आहे." पहिल्या दोन्हींवर इलाज आहे. तिसरीचं काय सांगू? सांगलीतल्या बायकांची मापं लिहून लिहून माझ्या वह्यांचा ढीग झाला. बारीक चणीच्या पण भरल्या छातीच्या, रुंद पाठीच्या आणि जवळजवळ सपाट, एक बाजू दुसरीपेक्षा चांगली बोटभर मोठी असणाऱ्या, बाळंतपणानंतर सगळंच खाली उतरलेल्या. शाळेतल्या बाई, बँकेतल्या मॅडम, भाजीवाली, सगळ्या. ब्लाउज शिवणारीला यात नवल वाटत नाही, ती टक्स हलवते आणि पुढच्या मापाला लागते. रेडिमेड माल काढणाऱ्याला मात्र प्रत्येकीसाठी वेगळा साचा परवडत नाही. तो जास्त खपणारी चार-सहा मापं धरतो आणि बाकीच्यांना "तुमच्या मापाचं येत नाही हो ताई" ऐकावं लागतं.

त्या दुकानात तुझ्याकडे नुसतं बघून ३६ बी काढून दिली ना? मापाचं नाव नाही, ट्रायल नाही, पैसे घेताना "आतल्या कपड्याला रिटर्न नाही" एवढं मात्र न विसरता सांगितलं. त्याच्याकडे ३२ ते ३८ बी असतात, थोडे सी असतात. गिऱ्हाइकाला घट्ट झालं की तो नंबर वाढवतो. ३४ नाही, ३६ घ्या. ३६ नाही, ३८ घ्या. इथेच सगळा घोळ आहे. नंबर म्हणजे छातीखालून पाठीमागे जाणाऱ्या पट्ट्याचा घेर. घट्ट होत असतो तो पुढचा कप, त्याचं माप ए, बी, सी या अक्षरांत असतं.

माझ्याकडे एखादी येते आणि सांगते, ब्लाउज छातीत दाटतोय, बाजूची शिलाई उसवून द्या. उसवून दिली तर काय होतं? पाठीत ढगळ, खांदा उतरतो आणि पुढे दाटतंय ते दाटतंयच, कारण कटोरीत, म्हणजे पुढच्या वाटीत, कापडच कमी आहे. तुझं नेमकं तेच झालंय. पट्टा सैल म्हणून तो मागे वर चढतो, तो वर चढला की पुढचा भाग खाली झुकतो, मग सगळं वजन खांद्यांच्या दोन बारीक पट्ट्यांवर येतं. त्याचे वळ. वजन पेलायचं काम मुख्यतः खालच्या पट्ट्याचं आहे, खांद्यांच्या पट्ट्यांनी कप नुसता जागेवर धरायचा असतो. तू ते पट्टे आवळत बसलीस की दुखणं वाढणारच.

आता आकडे. गेल्या दिवाळीच्या ब्लाउजचं तुझं माप वहीत आहे: छाती ३७, छातीखाली ३०. दुकानांतून आणि कंपन्यांच्या जुन्या तक्त्यांतून चालत आलेली पद्धत अशी की छातीखालच्या मापात ४ इंच मिळवायचे. म्हणजे ३४. मग ३७ वजा ३४, उरले ३, म्हणजे सी. झाली तू ३४ सी. ती नसली की ३६ बी हातात देतात, कारण त्या दोन्हींचा कप सारखाच असतो. पट्टा एक माप वर गेला की कपाचं अक्षर एक खाली येतं.

हे ४ इंच कशासाठी मिळवायचे, मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. आताचा पट्टा ताणला जाणारा असतो, त्याला अंगाचंच माप लागतं. पट्टा ३०. छाती आणि पट्टा यांच्यात फरक ७. दर इंचाला एक पायरी, ब्रिटिश मापात: ए, बी, सी, डी, डीडी, ई, एफ. तू ३० एफ. आणि तुझ्या त्या ३६ बीचा कप किती? ३० डीडीएवढा. म्हणजे पट्टा तीन मापं मोठा आणि कप दोन मापं लहान, एकाच कपड्यात दोन्ही!

"एफ" वाचून डोळे मोठे करू नकोस. डी म्हटलं की लोकांना काहीतरी अवाढव्य वाटतं. अक्षर एकटं काहीच सांगत नाही, ते फक्त फरक सांगतं. ३० डीचा आणि ३४ बीचा कप एकाच आकाराचा असतो. तुझ्या मैत्रिणींत बारीक अंगाच्या किती तरी जणी प्रत्यक्षात डी किंवा डीडी असतील आणि ३४ बी घालून दिवसभर पट्टे ओढत असतील.

तरी दिवाळीनंतर जेवणाच्या वेळा बदलल्यात तुझ्या, तेव्हा पुन्हा माप घे. पॅडेड काही अंगावर नको. छातीखाली टेप जमिनीला समांतर, श्वास सोडून, बऱ्यापैकी घट्ट. मागून टेप खाली घसरतो, आरशात बघ. छातीचं माप दोनदा, एकदा सरळ उभी राहून आणि एकदा कमरेतून पुढे वाकून. वाकून घेतलेलं जास्त भरलं तर घाबरू नकोस, दोन्ही मला पाठव. पाळीच्या आधीचे चार दिवस टाळ. आणि एक बाजू मोठी असेल तर माप मोठ्या बाजूचं. लहान बाजूला पातळ पॅड घालता येतं, मोठी बाजू काही दाबून बसवता येत नाही.

माप म्हणजे सुरुवात, खरी परीक्षा अंगावर. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावायची. वापरून इलॅस्टिक सैलावतं तशी आतल्या हुकांवर यायचं. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर बसत असेल तर पट्टा मोठा आहे. हुक लावून थोडी पुढे वाक, काखेकडे पळालेलं सगळं हाताने कपात घे, मग सरळ हो. हे पुष्कळ बायका करत नाहीत आणि काखेशी फुगवटा दिसला की वजन वाढलं म्हणून उपास धरतात. सरळ झाल्यावर वरून फुगून कडेवर आलं तर कप लहान. वायर असेल तर मधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे आणि बाजूची वायर काखेकडच्या बरगडीवर बसली पाहिजे, मांसल भागावर कधीच नको. मागे दोन बोटं जातील, मूठ जाणार नाही. खांद्याचे पट्टे खाली सोडून बघ, तरी बऱ्यापैकी जागेवर राहिली तर पट्टा बरोबर.

वायरचं ऐकून आजी सांगतील की त्याने कॅन्सर होतो. त्यांच्याशी वाद घालू नकोस, तुला म्हणून सांगते. २०१४ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने पाळी गेलेल्या पंधराशेवर बायकांचा अभ्यास छापला. ब्रा दिवसातून किती तास घालता, वायरची घालता का, कोणत्या वयात सुरू केली, कशाचाच स्तनाच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. टोचणारी वायर घालू नये, कारण ती टोचते. तेवढं कारण पुरे आहे.

त्या गुळगुळीत साच्यातल्या कपाच्या, टी-शर्टाखाली शिवण न दिसणाऱ्या, सगळ्या मुलींना हव्या असतात. तुला त्या बसतीलच असं नाही. फोमचा कप त्याचा आकार सोडत नाही, आपण त्यात मावायचं. दोन-तीन तुकडे जोडून शिवलेला, शिवण असलेला कप बघ, आत अस्तर असलेला. तो अंगाप्रमाणे बसतो आणि वजन उचलतो. शिवण दिसते म्हणून नाकं मुरडतात, पण तुकडे जोडल्याशिवाय सपाट कापडाला खोली येत नाही, हे मी रोज करते.

बॅडमिंटन सोडल्याचं तू ओझरतं बोललीस, मी ऐकलं. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ विद्यापीठात याच विषयावर काम करणारा संशोधकांचा गट आहे. धावताना छाती नुसती वरखाली होत नाही, बाजूंना आणि पुढेमागेही जाते, इंग्रजी आठचा आकडा काढत. तुझ्या मापाला नुसती दाबून धरणारी बनियनसारखी स्पोर्ट्स ब्रा पुरत नाही, दोन्ही बाजूंना वेगळे कप असलेली आणि मागे हुक असलेली हवी. गंमत सांगू? पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये तिघींनी मिळून केली, तीही पुरुष खेळाडूंचे दोन सपोर्टर एकमेकांना जोडून. नाटकाचे कपडे शिवणारी बाई होती त्यात. शिवणकामवालीच असणार, दुसऱ्या कोणाला सुचलं असतं?

आता मिळणार कुठे. ३० चा पट्टा आणि एफ कप आपल्याकडच्या दुकानात मागशील तर ते तुझ्याकडे बघत राहतील. झिवामे ही आतल्या कपड्यांची ऑनलाइन कंपनी २०११ साली बंगळुरूत सुरू झाली तेव्हापासून निदान घरबसल्या माप निवडता येतं आणि काउंटरवरच्या पुरुषासमोर कुजबुजावं लागत नाही. पण तिथेही पट्टा बारीक आणि कप मोठा असं एकत्र मागितलं की निवड कमी होत जाते. पॅनाश, फ्रेया हे ब्रिटिश ब्रँड २८ पासूनचे पट्टे आणि जीच्या पुढचे कपही काढतात. तिकडे ब्राव्हिसिमो नावाची दुकानंच आहेत, फक्त डी आणि त्यापुढच्या मापांची. गरोदरपणात आपल्या मापाची मिळेना म्हणून एका बाईने १९९५ साली ते सुरू केलं. मामाची प्राची डिसेंबरात लंडनहून येते आहे, तिला एक आणायला सांगू. महाग पडेल, पण एकच. मागवताना लेबल नीट वाच. अमेरिकेत डीडीच्या पुढे बहुधा डीडीडी लिहितात, तीच ब्रिटिश ई. युरोपात पट्टा सेंटिमीटरमध्ये असतो, ३० म्हणजे ६५. अक्षर बघून नको, कंपनीच्या तक्त्यातली मापं बघून घे.

तोवरचा उपाय माझ्याकडे आहे. ३२ ई शोध. तिचा कप ३० एफएवढाच असतो, फक्त पट्टा मोठा. कप आणि वायर नीट बसतात का तेवढं बघून घे, पट्टा मी करून देते. मागची हुकाची पट्टी उसवायची, दोन्ही बाजूंनी एकेक इंच कापायचं आणि पिकोच्या मशीनवर झिगझॅग मारून पट्टी परत बसवायची. साधी सरळ टीप मारली तर ताण बसताच दोरा तुटतो. दोन इंचांच्या पुढे मात्र मी हात लावणार नाही, वायर बाजूला ओढली जाते. मावशीचं तुझ्या अगदी उलट आहे, पाठ रुंद आणि कप लहान, ४० ए कुठेच मिळत नाही. तिला ३८ बी आणि हुकाला जोडायचा एक्स्टेंडर असं जमवून दिलंय. शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळतो, फार पैसे पडत नाहीत.

छातीखाली लाल चट्टे आलेत म्हणालीस, त्याला मेडिकलवाला जे मलम काढून देईल ते लावू नकोस. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, आठवडाभर बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. जागा कोरडी ठेव, घामेजलेली ब्रा ऑफिसमधून आल्या आल्या बदल आणि चार दिवसांत गेलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

धुताना हाताने, साध्या पाण्यात. होस्टेलच्या मशीनमध्ये टाकायचीच वेळ आली तर हुक लावून जाळीच्या पिशवीत. खांद्याच्या पट्ट्याला लटकवून वाळत घालू नको, मधून दोरीवर टाक. लागोपाठ दोन दिवस तीच नको. जुन्या ३६ बीच्या सगळ्या लगेच टाकू नकोस, एक मला आणून दे, उसवून कपाचा कागद कापून बघायचाय. गिऱ्हाइकं विचारतात हल्ली.

मापं रविवारपर्यंत पाठव. सोमवारपासून लग्नाचे ब्लाउज हातात घेतेय, मग मला डोकं वर काढायला फुरसत नाही.

तुझी,
आई

ता. क. टेप शिवणाचाच घे, नवा. जुना कापडी टेप ताणून लांबलेला असतो आणि माप अर्धा इंच कमी दाखवतो. रूममेटकडचा घेतलास तर आधी पट्टीवर ताडून बघ.